काकवीचा डबा आणि शालनची शिष्यवृत्ती

परत आल्यापासून गल्लीतली प्रत्येक बाई मला एकच विचारते आहे, "पिंपरीला काय बघितलंस?" एकेकीला सांगत बसले तर गुऱ्हाळ कोण बघणार? म्हणून आपल्या महिला मंडळाच्या हस्तलिखितासाठी सगळं एकदाच लिहून काढते आहे. जिला वाचता येतं तिनं वाचावं, जिला येत नाही तिला दुसरीनं वाचून दाखवावं, आणि त्यानंतर मला पाण्याच्या वाटेवर अडवू नये. लिहिताना मी 'गेले, आले' असं पुस्तकातलं लिहिणार आहे. बोलताना आपण बायका 'मी गेलो, मी आलो' म्हणतो, ते तिकडच्या लोकांना भारी गमतीचं वाटतं. वाटू दे.

आधी जायचं कारण सांगते. शालन माझी धाकटी नणंद, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझं लग्न झालं तेव्हा ती परकर सावरत गुऱ्हाळात हिंडायची. रस उकळायला लागला, फेस वर चढायला लागला, की गुळव्या काहिलीत एरंडेलाचे चार थेंब टाकायचा आणि फेस खाली बसायचा. शालन विचारायची, "तेलानं फेस का बसतो?" तिचे दादा, म्हणजे आमचे मालक, म्हणायचे, "बसतो म्हणून बसतो." एवढ्यावर गप्प बसणारी ती नव्हतीच. त्या एका प्रश्नामागं ती कोल्हापूरच्या कॉलेजात गेली, तिथून मुंबईला गेली, आणि आज आपली शालन केमिकल इंजिनिअर आहे. काचेच्या नळीत चमचाभर होणारी गोष्ट हौदभर कशी करायची, हे जो ठरवतो तो केमिकल इंजिनिअर. हे मी आता न अडखळता सांगू शकते, कारण गाडीत भेटेल त्याला मी हेच सांगत होते.

मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा ट्रस्ट आहे. पदवी घेऊन पुढं संशोधन करणाऱ्या केमिकल इंजिनिअरला तो दोन वर्षांची शिष्यवृत्ती देतो, आणि तीही साऱ्या मुंबई राज्यातून एकालाच. शालनचं नाव शेवटच्या चौघांत आलं होतं. बाकीचे तिघे मुलगे. मुलाखत पिंपरीला, पेनिसिलिनचा नवा कारखाना उभा राहिला आहे तिथल्या हॉलमध्ये. शिष्यवृत्ती मिळाली तर शालन त्याच कारखान्यात फेसाचा अभ्यास पुरा करणार. नाही मिळाली तर इचलकरंजीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला जाणार, हे ठरून गेलं होतं. तिच्या पाठची दोन भावंडं अजून शिकायची आहेत. दादांनी काही बोलायच्या आधी तिनं स्वतःच तसं सांगितलं, आणि सांगताना ती रडली नाही. म्हणून तर मला ते जास्त लागलं.

एकट्या पोरीला पाठवू नका, असं सांगायला भावकीतले पाच जण आले. सोबत जातो म्हणणारा एकही निघाला नाही. गुऱ्हाळ पेटलेलं, त्यामुळं मालकांना हलता येत नव्हतं. मग मीच निघाले.

चिंचवडगाव

शालनजवळ पुस्तकांची एक ट्रंक. माझ्याजवळ भाकऱ्या, ठेचा, गुळाच्या चार छोट्या ढेपा आणि झाकण घट्ट बांधलेल्या पितळी डब्यात काठोकाठ काकवी.

"वैनी, आपण लग्नाला न्हाई चाललो," शालन म्हणाली.

"लोकांच्या दारात उतरायचं आणि हात हलवत जायचं व्हय?" मी म्हणाले. नव्या गुळाच्या दिवसांत आपल्याकडचं कोणी रिकाम्या हातानं कुठं गेलंय का?

गाडीचं सांगण्यासारखं काही नाही. धूर खाल्ला, झोप झाली नाही. पुण्याला गाडी बदलून आम्ही लोणावळ्याकडच्या पॅसेंजरमध्ये बसलो. वाटेतल्या भिंतीभिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं. खडकी, दापोडी मागं पडली आणि मोकळा माळ सुरू झाला. आपल्यासारखी काळी जमीन नाही आणि ऊस तर औषधालाही नाही. ज्वारी, हरभरा, मध्येच बाभळी, आणि त्या बाभळींच्या मागून एकदम कारखान्याची पांढरी भिंत दिसली. शालन खिडकीला नाक लावून बसली होती. गाडी पुढं गेली तरी तिची मान मागंच.

चिंचवडगावात आमची उतरायची सोय मालकांच्या ओळखीच्या अडत्यानं केली होती. पवनेकाठी हौसाबाई म्हणून एक शेतकरीण आहेत, त्यांच्या घरातली पुढची खोली मिळाली. हौसाबाई माझ्याच वयाच्या, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाणारा. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी हुलग्याची शेंगोळी केली होती. पिठाच्या वेटोळ्या रश्शात शिजवलेल्या, वर लसणाची फोडणी, आणि सोबत आंबेमोहराचा भात. या भाताचा वास आपल्या कुठल्याच भाताला नाही, हे कबूल. पण रस्सा आपल्या मानानं मिळमिळीत. मी हळूच ठेच्याची पुरचुंडी सोडली, तर हौसाबाईंनी दोन घास खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्यायल्या.

"कोल्हापुरात समदी असंच खात्यात व्हय?" त्यांनी डोळे पुशीत विचारलं.

"पोरंसोरं खात्यात. मोठी माणसं जरा तिखट खात्यात," मी म्हणाले.

त्यावरून आमची जी गट्टी जमली ती जमलीच. मी कारखान्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "आदी तिकडच्या माळाला कुत्रं फिरकत न्हवतं. आता बघा, आख्खा माळ दिव्यांनी लखलखतोय. आमचा दीर तिथंच हाय कामाला. तो म्हंतो, बुरशी पिकवत्यात. आता आमी बुरशी आली की भाकर टाकून देतो, आन् ही शिकलेली मान्सं ती पिकवून इकत्यात!"

शालननं मग त्यांना समजावून सांगितलं, की या बुरशीतून निघणाऱ्या औषधानं चिघळलेली जखम बरी होते, न्यूमोनियाचा माणूस उठून बसतो. हौसाबाई ऐकता ऐकता गंभीर झाल्या. त्यांचा थोरला मुलगा न्यूमोनियानंच गेला होता, तेव्हा हे औषध इकडं कुणाला ठाऊक नव्हतं. "पोरी, तू शिक," एवढंच त्या म्हणाल्या आणि भांडी घेऊन मागच्या दारी गेल्या.

कारखाना

दुसऱ्या दिवशी चारही उमेदवारांना कारखाना दाखवायचा होता, आणि सोबत आलेल्यांनाही परवानगी होती. चिंचवडहून आम्ही टांग्यानं गेलो. वाटेत पिंपरीच्या कॅम्पात थांबलो. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी लोकांची ती वस्ती. एका हातगाडीवर दाल-पकवान खाल्लं. पकवान म्हणजे कुरकुरीत जाड पुरी, आणि तिच्यावर हरभऱ्याची डाळ. गाडीवाले म्हातारबाबा मला म्हणाले, "खाओ बेटी, हमारे गाँव की चीज है." गाव आता दुसऱ्या देशात गेलेलं, तरी चव त्यांनी बरोबर आणली होती. आपण कोल्हापूर सोडून चार दिवस झाले तर कासावीस होतो.

कारखान्याचं काय सांगू! आपल्या गुऱ्हाळात पाचट, राख, मळी, माशा, आणि त्यातच आपला गूळ सोन्यासारखा होतो. इथं फरशीवर तोंड दिसत होतं. बुरशीच्या बियाण्याच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगावर पांढरा झगा, तोंडाला फडकं, आणि बोलायचं नाही. आपल्या गल्लीतल्या जोशीकाकूंचं सोवळं मला त्यापुढं पोरखेळ वाटलं. काकूंना शिवलं तर त्या आंघोळ करतात. इथं परका जंतू एकदा शिवला तर आख्खी टाकी ओतून द्यावी लागते. मला खोलीत सोडलं नाही. माझ्या डोक्यातली शेवंतीची वेणी बघून तिथला इंजिनिअर हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही काचेतूनच बघा." मी काचेतून बघितलं. झगा घातलेली शालन चटकन ओळखू येत नव्हती, पण हात मागं बांधून, मान पुढं काढून उभी राहायची तिची तऱ्हा तीच होती.

मग टाक्या. दोन मजल्यांएवढ्या उंच, पोलादी, आणि आत सतत हवा फुंकलेली, कारण बुरशीलाही श्वास लागतो. वरच्या मजल्यावर टाकीला एक जाड काचेची खिडकी आहे. सगळ्यांनी पाळीपाळीनं डोकावलं. माझी पाळी आली तर आत पिवळट फेस भराभर वर चढत होता. मला कुठं आहोत याचं भानच राहिलं नाही. मी ओरडले, "शालन, काहील उतू चालली!"

जिन्यावर रांगेत उभे असलेले सगळे हसले. तिघा उमेदवारांपैकी एकाच्या वडिलांनी तर डोळ्यांना रुमाल लावला. पण तो इंजिनिअर हसला नाही. म्हणाला, "बाई बरोबर सांगताहेत. बघा आता." टाकीत आपोआप तेल पडलं, आणि फेस बसला. हुबेहूब आपल्या काहिलीसारखा. मी शालनकडं बघितलं. वैनीनं चारचौघांत शोभा केली म्हणून ती रागावली असेल असं मला वाटलं होतं. तिचं लक्षच नव्हतं. परकर सावरत काहिलीपाशी उभ्या राहणाऱ्या पोरीचा चेहरा मला पुन्हा दिसला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, शिष्यवृत्ती हिला नाही तर कुणाला द्यायची?

डबा

संध्याकाळी हौसाबाईंच्या मागच्या दारी मी भांडी घासत होते. कुंपणाच्या पलीकडं तुळशीपाशी एक वयस्कर बाई दिवा लावत होत्या. नऊवारी, नाकात मोत्याची नथनी, बोलणं पुण्याचं. मी हाक मारून म्हणाले, "मी काल कोल्हापूरहून आलो." त्या आधी चमकल्या, मग हसल्या. हौसाबाई त्यांना माई म्हणत, म्हणून मीही माई म्हणायला लागले. गुळाच्या पोळीवरून काकवीवर विषय आला. त्या म्हणाल्या, चांगली काकवी चाखून वर्षं झाली. एवढं ऐकल्यावर मी थांबते थोडीच! आत गेले आणि डबा आणून कुंपणावरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा घेतला, जसं चांगल्या घरची बाई घेते.

तासाभरात त्यांनी डबा परत आणून दिला, घासून लख्ख, आणि आत काठोकाठ मेतकूट.

"रिकामा कसा देऊ?" माई म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला! म्हणजे पुण्याकडंही ही रीत आहे. मेतकूट म्हणजे डाळी-तांदूळ भाजून दळलेलं पिवळं पीठ. ते मऊ भातावर तूप घालून खातात, हे मला नंतर कळलं. मी आधी भाकरीबरोबर कोरडंच तोंडात टाकलं आणि ठसका लागून बेजार झाले.

शालन नदीवरून फिरून आली. डबा बघून म्हणाली, "हे कुणी दिलं?"

"पलीकडच्या माईंनी. जोगळेकर आडनाव त्यांचं."

ती खाली बसली. "वैनी, निवड समितीचे अध्यक्ष डॉक्टर जोगळेकर. निवृत्त प्राध्यापक, चिंचवडगावात राहतात. तू परीक्षकाच्या घरी काकवी दिलीस?"

"मी शेजारणीला दिली. परीक्षक शेजारी राहतो यात माझा काय गुन्हा?"

"लोक याला लाच म्हंत्यात, वैनी."

"काकवीला?" मला राग आला. "मग जा आणि परत माग."

"दिलेलं परत मागायचं? तूच शिकवलंस न्हाई म्हणून."

आम्ही दोघी एकमेकींकडं पाठ करून जेवलो. माईंचे यजमान, म्हणजे डॉक्टर, पुण्याला गेलेत असं त्या बोलल्या होत्या; ते उशिरा आले असावेत, कारण त्या घरातून पुरुषाचा आवाज आला नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण त्या रात्री अंथरुणावर शालन जागी होती हे मला कळत होतं, आणि माझ्या रीतीपायी पोरीची इतक्या वर्षांची मेहनत मातीत गेली तर मी घरी काय तोंड दाखवू, हे मला सुचत नव्हतं.

हॉल

त्या ट्रस्टची एक रीत मला फार आवडली. मुलाखत बंद दाराआड घ्यायची नाही. ट्रस्ट काढणारा व्यापारी सांगून गेला होता म्हणे, की ज्याला ऐकायचं त्याला ऐकू द्या. म्हणून मी शेवटच्या बाकावर बसले होते, आणि पुढं जे लिहिते ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

समोर तिघं परीक्षक. मध्ये डॉक्टर जोगळेकर, उंच, सडपातळ, काळी टोपी, कोटाची सगळी बटणं लावलेली. तिन्ही मुलग्यांच्या मुलाखती झाल्या. हुशार होते, उगाच कशाला नाही म्हणू? मग शालनचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, आणि डॉक्टरही उभे राहिले.

"प्रश्न विचारण्यापूर्वी एक गोष्ट सांगणं मला भाग आहे," ते म्हणाले. "कुमारी शालन पाटील यांच्या सोबतच्या बाईंकडून काल माझ्या घरी काकवीचा डबा आला. मी घरी नव्हतो. आज सकाळी मी ती काकवी धिरड्याबरोबर खाल्ली. ती कुणाची, हे मला खाऊन झाल्यावर कळलं. त्यामुळे ती जशीच्या तशी परत करण्याचा मार्ग आता राहिलेला नाही. उमेदवाराला यावर काही सांगायचं आहे?"

हॉलमध्ये कुजबूज झाली. मी उठणारच होते. शालननं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की मी होते तिथंच बसले. मग ती फळ्यापाशी गेली आणि खडूनं एक चौकोन काढला.

"हे सरांचं घर," ती म्हणाली. तिनं आत येणारा एक बाण काढला आणि बाहेर जाणारा एक. "आम्ही कुठल्याही यंत्राचा हिशेब असाच मांडतो. जेवढं आत आलं, त्यातून जेवढं बाहेर गेलं ते वजा केलं, की आत किती साठलं ते कळतं. मटेरियल बॅलन्स. काल या घरात डबाभर काकवी आली. तासाभरात त्याच डब्यातून काठोकाठ मेतकूट बाहेर गेलं. आमच्याकडं आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. सरांच्या घरीही ती रीत आहे."

डाव्या हाताचे परीक्षक मोठ्यानं हसले. "वा! एक डबा आत, एक डबा बाहेर. साठा शून्य. जोगळेकर, प्रश्न मिटला. बसा."

मी सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांनीच टाकला. पण शालन फळ्यापासून हलेना.

"नाही सर," ती म्हणाली. "मिटला नाही. डबा तोच, पण काकवी पाण्याहून जड आणि मेतकूट हलकं. बाहेर गेलेलं मेतकूट वजनात आत आलेल्या काकवीच्या निम्म्याइतकंसुद्धा भरणार नाही. साठा उरतो."

आता काय सांगू तुम्हाला! जी गोष्ट परीक्षकानंच मिटवली, ती हिनं पुन्हा उकरली. माझ्या मनात आलं, अगं बये, बस की आता खाली.

"म्हणजे तुमच्याच गणितानं मी तुमचा देणेकरी आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो सर."

"आणि हे तुम्ही मला या मुलाखतीत सांगता? शून्य म्हणून सोडून देता आलं असतं."

"बॅलन्स जुळत नसला तर जुळला असं लिहिता येत नाही, सर."

डॉक्टरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "तर देणेकऱ्यानं गुण देऊ नयेत. या उमेदवाराची मुलाखत तुम्ही दोघे घ्या. तुम्हा दोघांचेच गुण धरले जातील." आणि ते अध्यक्षाची खुर्ची सोडून सरळ मागं आले आणि माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी पदर सावरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

पुढं तासभर त्या दोघांनी शालनला पिळून काढलं. उजवीकडचे परीक्षक म्हणाले, "फेस आला की तेल टाकायचं. यात संशोधन कसलं? थोडं जास्त टाकलं की काम झालं."

शालन म्हणाली, "आमच्या गुऱ्हाळात तेल जास्त पडलं तर गूळ बिघडतो. इथं त्याहून वाईट होतं. तेलानं फेस बसतो, पण पाण्यात हवा कमी विरघळते आणि बुरशी घुसमटते. फेस बसेल आणि बुरशीही जगेल, एवढंच तेल किती, ते आज अंदाजानं ठरवतात. मला ते मोजून सांगायचं आहे."

"बरोबर!" माझ्या बाकावरून आवाज आला. डॉक्टरांनी लगेच तोंडावर हात ठेवला.

आळंदी

निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. घरात बसून दोघींची डोकी फिरली असती, म्हणून सकाळीच एस.टी.नं आळंदीला गेलो. समाधीचं दर्शन घेतलं, इंद्रायणीत पाय बुडवून बसलो. देवळाचं वर्णन करत नाही, ते पोथीतही मिळेल. मला तिथं दुसरंच दिसलं. कीर्तन शिकणारे तरुण खांद्याला झोळी लावून गल्लीतून माधुकरी मागत होते. एका दारात एक म्हाताऱ्या बाई भाकरी वाढत होत्या. मी विचारलं, "रोज वाढता?"

"रोज," त्या म्हणाल्या. "माझ्या भाकरीवर शिकून कीर्तनकार झालेल्यांची नावं सांगायला बसले, तर तुमची एस.टी. जाईल."

सांगताना बाईंची मान अशी ताठ, की जणू कीर्तन त्याच करतात. त्यांनी खरोखरच नावं सांगायला सुरुवात केली, आणि आमची एस.टी. खरोखरच गेली.

टांगा शोधत निघालो तेव्हा शालन परवाच्या भांडणापासून पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. "वैनी, ही पण शिष्यवृत्तीच की."

"मग? तुझ्या त्या व्यापाऱ्यानं काय नवीन काढलं?" मी म्हणाले. "कुणीतरी वाढतं, तेव्हा कुणीतरी शिकतं."

"तूबी वाढलंस," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. "न्हाई मिळाली तरी मी काकवीला दोष द्यायची न्हाई."

टांगेवाल्याशी मी उगाच भांडले.

निघताना

निकाल डाव्या हाताच्या परीक्षकांनी वाचला. शिष्यवृत्ती, कुमारी शालन पाटील. माझी शालन! मी रडले, मोठ्यानं रडले, आणि मला त्याची लाज नाही. त्या तिघांपैकी एक मुलगा पुढं येऊन शालनला म्हणाला, "मी असतो तर शून्यावर बसलो असतो." चांगल्या घरचा वाटला. हौसाबाईंनी बातमी कळताच गल्लीत हाळी घातली, आणि माझ्याजवळच्या सगळ्या ढेपा फोडून घरोघर गूळ वाटला. अनोळखी गावात आपल्या पोरीच्या नावानं गूळ वाटला जातो, तेव्हा काय वाटतं ते लिहायला मला जमत नाही.

सकाळी आम्ही सामान बांधत होतो, तर दारात डॉक्टर जोगळेकर. कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि हातात माझ्या डब्याहून मोठा पितळी डबा. त्यांच्या घरचा.

"पाटीलबाई, बाकी आणली आहे," ते म्हणाले. "मी वजन केलं आहे. त्या दिवशीचं मेतकूट आणि हे मिळून तुमच्या काकवीएवढं भरतं. आता आपला हिशेब मिटला."

मी डबा घेतला. मेतकूट पुरचुंडीत बांधलं, डबा धुतला, पुसला. डॉक्टर हात पुढं करून उभे होते. मी डबा माझ्या पिशवीत ठेवला.

"अहो, तो डबा आमचा आहे," ते म्हणाले.

"ठाऊक हाय की. पण रिकामा कसा देऊ? आणि भरून द्यावं तर गूळ समदा काल वाटला. शालन कामावर रुजू व्हायला येईल तेव्हा भरून आणील."

त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. "म्हणजे तुम्ही पाठवणार, मग आमची ही शालनला रिकाम्या हाताने पाठवणार नाही, मग तुम्ही पुन्हा... हा हिशेब मिटायचा तरी कधी?"

"मिटवायचा कशाला, डॉक्टर? मिटला की येणंजाणं संपलं."

डॉक्टरांनी शालनकडं बघितलं. "यांच्याकडे शिकलात होय," ते म्हणाले, आणि मग तो कडक माणूस असा हसला, की पलीकडून माई काय झालं म्हणून धावत आल्या.

तर तो डबा सध्या माझ्या चुलीमागच्या फळीवर आहे. परवा मालकांनी विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचा." त्यांनी तो खाली घेतला, हातात फिरवून बघितला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत जागेवर ठेवला. संक्रांत झाली की शालन निघते आहे. यंदाच्या पहिल्या प्रतीची काकवी मी काठोकाठ भरून देणार आहे. माई त्याच्या बदल्यात मेतकूटच देतील आणि ते हलकंच भरणार, म्हणजे डॉक्टर पुन्हा आमचे देणेकरी. राहू देत.